मॅडम, माझं डोपामिन संपलंय

हल्ली कुडाळला माझ्याकडे समुपदेशनाला येणारी तरुण मुलं आपल्या आजाराचं निदान मोबाइलवरच करून येतात, आणि सगळ्यात जास्त ऐकू येतं ते हेच, की रील्स बघून बघून डोपामिन (मेंदूतलं एक रसायन) संपलं, आता मेंदू परत नीट होईल का? म्हणून ही केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा मालवणकडचा, वय 22. भरतीची लेखी परीक्षा गेली आणि तेव्हापासून रात्री तीनपर्यंत मोबाइल, दुपारी उठणं, मित्रांचे फोन घ्यायचे नाहीत. मग कुठल्यातरी व्हिडिओत बघून त्याने डोपामिन डिटॉक्स केला, मोबाइल बंद, गाणी बंद, क्रिकेट बंद, आईने केलेलं बांगड्याचं तिखलंसुद्धा नको, का तर चवीने म्हणे डोपामिन खर्च होतं! आठवडाभर खोलीत बसून पोरगा आणखीच खचला. आई मला विचारते, "मॅडम, ह्येच्या डोक्यातला डोपामिन संपला म्हणता, गोळी गावात काय?" म्हणजे गोळी मिळेल का.

त्याला आधी सांगितलं की बाबा, डोपामिन असं संपत नाही, मेंदूतल्या पेशी ते सतत बनवत असतात. या पेशी खरोखर मरतात तो आजार पार्किन्सन, त्यात हालचाली मंदावतात, हात थरथरतो. तुझं तसं काही नाही. आणि मेंदूतलं डोपामिन रक्त तपासून कळतही नाही, त्यामुळे तसल्या टेस्टवर पैसे घालवू नकोस.

दुसरं म्हणजे ते नुसतं आनंदाचं रसायन नाही. मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले, त्यात अनपेक्षित रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चालायच्या, ठरल्याप्रमाणे मिळाला तर फार फरक नाही, आणि अपेक्षा असून मिळालाच नाही तर थंडावायच्या. म्हणजे डोपामिन दाखवतं तो मेंदूचा अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक. हे त्याला रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करतात त्या मासेमारीवरून, पटकन कळलं, जाळ्यात काय येणार ते माहीत नसतं म्हणूनच सगळे शेवटपर्यंत बघत उभे राहतात, आणि पुढच्या रीलचंही तेच.

पण मला काळजी रील्सची नव्हती. पीएचक्यू-9 ही डिप्रेशन मोजायची प्रश्नावली भरून घेतली, 27 पैकी 13 आले, म्हणजे मध्यम डिप्रेशनची शक्यता. जीव द्यायचे विचार येतात का हेही सरळ विचारलं, येत नव्हते. सायकियाट्रिस्टना दाखवलं, त्यांनी सध्या गोळ्या नकोत म्हटलं. नापास झाल्याची लाज वाटून घरात बसला, बसल्याने काहीच चांगलं घडेना, मग मेंदूचा अंदाज आणखी खाली, आणि डिटॉक्सने तर उरलंसुरलंही बंद केलं.

मग आम्ही बिहेवियरल ॲक्टिव्हेशन सुरू केलं, म्हणजे मन लागायची वाट न बघता आधी काम करायचं. सकाळी काकांच्या रापणीवर जायचं, जायच्या आधी वहीत लिहायचं किती बरं वाटेल, आल्यावर किती वाटलं. पहिल्या दिवशी आधी 10 पैकी 1, नंतर 4. वाट्याला आलेल्या पेडवे माशांचा फोटो त्याने मला पाठवला. काही दिवस 2 चे 2च राहिले, तेही लिहायला सांगितलं. मोबाइल चालू ठेवला, फक्त रात्री तो स्वयंपाकघरात ठेवायचा. सहाव्या आठवड्याला पीएचक्यू-9चा स्कोअर 13 वरून 6 वर आला होता आणि भरतीचं पुस्तक त्याने स्वतःहून काढलं होतं.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर डिटॉक्स करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.