प्रश्न तुमचे : जर्मनीची दहा नंबर, जेनिफर मारोझान

जर्मन फुटबॉल मिडफिल्डर (मधल्या फळीतून खेळ रचणारी, दहा नंबरची खेळाडू) जेनिफर मारोझानबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यातले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. शाळेच्या संघात मधल्या फळीत खेळते. सर म्हणतात, ‘मारोझानचे सामने बघ.’ त्यात नेमकं काय बघायचं? – एक पालक, कोल्हापूर

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकचा अंतिम सामना आधी दाखवा. माराकाना मैदानावर जर्मनीने स्वीडनला २-१ असं हरवलं. ४८ व्या मिनिटाला पेनल्टी एरियात चेंडू मारोझानच्या वाट्याला आला आणि तिने तो उजव्या पायाने वळवून वरच्या कोपऱ्यात घातला. ६२ व्या मिनिटाला तिची फ्री किक खांबावर आपटली आणि परतलेला चेंडू स्वीडनच्या लिंडा सेंब्रांटला लागून जाळ्यात गेला. नोंदीत तो स्वयंगोल आहे, पण कमाई मारोझानच्या पायाचीच. मग २०१३ च्या युरो स्पर्धेचा उपांत्य सामना लावा. समोर पुन्हा स्वीडन, आणि सामन्यातला एकमेव गोल तिचाच. तो दिसायला काही देखणा नाही. बुटाच्या टोकाने ढोसलेला चेंडू रांगत रांगत कोपऱ्यात जातो. पूर्ण ताकदीने मारायला जागाच नव्हती, आणि ते तिला वेळेत कळलं.

गोल बघून झाले की खरा अभ्यास सुरू होतो. कोणत्याही सामन्यातली दहा मिनिटं निवडा, चेंडू सोडून फक्त तिच्याकडे बघा, आणि पास येण्याआधी तिची मान किती वेळा वळते ते मुलीला मोजायला सांगा. मारोझान वेगासाठी कधीच ओळखली गेली नाही. चेंडू पायाशी येईपर्यंत पुढचा पास तिच्या डोक्यात ठरलेला असतो, म्हणून तिला वेळ मिळतो.

घरच्या अंगणातही हे शिकता येतं. एकाने दहा मीटरवरून जमिनीलगत पास द्यायचा. दुसऱ्याने मुलीच्या पाठीमागे पाच मीटरवर उभं राहून बोटं दाखवायची. चेंडूला पाय लागण्याआधी मुलीने मागे बघून आकडा मोठ्याने सांगायचा. दहा-दहा पासचे तीन फेरे पुरेत. मुली बहुधा एकदा सुरुवातीला बघतात आणि मग नजर चेंडूलाच चिकटते, तोवर मागचं चित्र बदललेलं असतं. बघायच्या वेळा दोन आहेत: पास देणाऱ्याचा पाय चेंडूकडे जाताना, आणि चेंडू वाटेत असताना. अंगही तिरकं ठेवायला हवं, म्हणजे मागच्या पायावर चेंडू घेऊन वळता येतं. पास देणाऱ्याकडे छाती सरळ करून उभी राहणारी मुलगी चेंडू परतच देते, दुसरं काही करायला तिला जागा नसते.

ती मूळची हंगेरीची ना? मग जर्मनीकडून कशी खेळली? – एक वाचक, मडगाव

जन्म बुडापेस्टचा, १८ एप्रिल १९९२. वडील यानोश मारोझान हंगेरीचे आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. त्यांना १९९६ मध्ये सारब्रुकेनच्या क्लबने घेतलं आणि कुटुंब जर्मनीत आलं. जेनिफर तेव्हा चार वर्षांची होती. ती तिथेच वाढली, नागरिकत्वही जर्मनीचं मिळालं, आणि कुमार गटापासून ती जर्मनीकडूनच खेळली. २००८ मध्ये न्यूझीलंडला मुलींचा पहिला सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात सर्वाधिक गोलांचा सोनेरी बूट तिला मिळाला. (हीच स्पर्धा २०२२ मध्ये भारतात झाली. अंतिम सामना नवी मुंबईत होता आणि जर्मनी चौथी आली.)

क्लबांचं म्हणाल तर सारब्रुकेन, २००९ पासून फ्रँकफर्ट, २०१६ मध्ये फ्रान्सचं लिऑन, आणि मध्ये २०२१ मध्ये अमेरिकेत उसनवारीवर काही महिने. चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) फ्रँकफर्टबरोबर २०१५ मध्ये जिंकली, मग लिऑनबरोबर २०१७ ते २०२० अशी सलग चार वेळा. त्यातला २०१९ चा अंतिम सामना बुडापेस्टलाच होता. बार्सिलोनाविरुद्ध पाचव्या मिनिटाला पहिला गोल तिने केला, तोही जन्मगावात! लिऑन ४-१ जिंकलं.

तिच्यासारखी फ्री किक मारायला शिकायचंय. माझा चेंडू नेहमी गोलाच्या बारवरूनच जातो. – एक खेळाडू, वय १६, पुणे

बारवरून जाण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: मारताना अंग मागे झुकतं. टेकवलेला पाय चेंडूच्या मागे राहिला की अंग आपोआप मागे जातं. तो पाय चेंडूच्या बाजूला, साधारण एक वीत अंतरावर, आणि चेंडूच्याच रेषेत टेकव. धाव तीन-चार पावलांची, तिरकी. उजव्या पायाने मारत असशील तर अंगठ्यामागच्या हाडाचा भाग चेंडूच्या उजव्या बाजूला, मध्यापेक्षा किंचित खाली लागायला हवा. बरोबर मधोमध मारलास तर चेंडू वळणार नाही. फार खाली मारलास तर नुसता उंच उडेल. घोटा शेवटपर्यंत घट्ट ठेव आणि मारल्यावर पाय शरीराच्या आडवा जाऊ दे.

सुरुवातीलाच भिंत (समोर आडवे उभे राहणारे खेळाडू) लावू नकोस. १८ मीटरवरून रिकाम्या गोलात, एकाच कोपऱ्यात, वीस चेंडू मार. वीसपैकी बारा आत जायला लागले की चेंडूपासून ९.१५ मीटरवर भिंतीच्या जागी काहीतरी उभं कर. चेंडू पाच नंबरचा, ४१० ते ४५० ग्रॅमचा असावा. दगडासारखी हवा भरलेला चेंडू पायावरून लवकर सुटतो, नीट वळत नाही आणि घोटाही दुखतो. वीसनंतर थांबायचं. थकलेल्या पायाने मारत राहिलीस तर चुकीचीच सवय लागते.

तिच्या फुप्फुसात गुठळी झाली होती, नंतर गुडघाही गेला असं वाचलं. तरी ती परत कशी खेळली? – एक वाचक, ठाणे

दोन्ही खरं आहे. जुलै २०१८ मध्ये फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचं निदान झालं. अशा वेळी रक्त पातळ ठेवणारी औषधं साधारणपणे किमान तीन महिने घ्यावी लागतात. तोवर धक्काबुक्कीचा खेळ बंद, कारण डोक्याला किंवा पोटाला मार लागला तर आतला रक्तस्राव थांबत नाही. मारोझान त्याच शरद ऋतूत मैदानावर परतली. बुडापेस्टचा तो गोल या आजारानंतरच्या मे महिन्यातला आहे. लगेच जूनमध्ये विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात, चीनविरुद्ध, पायाचं बोट मोडलं. पुढचे तीन सामने ती बाहेर होती.

अचानक लागलेली धाप, श्वास घेताना छातीत कळ, एकाच पोटरीला सूज ही लक्षणं खेळाडूंच्या बाबतीत ‘दमली असेल’ म्हणून सोडून दिली जातात. पाय प्लास्टरमध्ये असताना किंवा लांबच्या विमानप्रवासानंतर असं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

१२ एप्रिल २०२२ ला सर्बियाविरुद्ध गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) तुटलं आणि त्या वर्षीची युरो स्पर्धा हुकली. वर्षभराने, ११ एप्रिल २०२३ ला, ब्राझीलविरुद्ध न्यूरेंबर्गला तिने जर्मनीकडून आपला शेवटचा सामना खेळला. एकूण ११२ सामने, ३३ गोल. एवढी दुखणी काढून हा आकडा गाठणं फार मोठी गोष्ट आहे.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत सामना खेळू नये. सूज गेली, धावता येतं, म्हणून मुली सहाव्या महिन्यात उतरतात आणि लिगामेंट पुन्हा तुटतं. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के आहे का, एका पायावरची उडी दोन्हीकडे सारखी पडते का, हे फिजिओकडून मोजून घ्या.

मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते, म्हणून आधीची काळजी महत्त्वाची. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा सराव फुकट आहे. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा, सरावाच्या सुरुवातीला. उडी मारून उतरताना गुडघे आत वळले तर तिथेच थांबवा आणि पुन्हा करून घ्या. त्यातला मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम असा: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारणीने घोटे घट्ट धरायचे, कंबर न वाकवता पुढे जमेल तितकं सावकाश झुकायचं, आणि तोल गेला की हातांवर पडायचं. सुरुवातीला तीन ते पाच वेळाच. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा करू नका. गुडघ्यांखाली चटई किंवा घडी घातलेलं पोतं ठेवा.