बांधकाम कामगार संघटनेची वर्गणी कशाला भरायची? कार्ड तर एजंटही काढून देतो

तुम्ही विचारलंय की संघटनेचा इतिहास काय, काम काय, आणि एजंट पाच-सातशेत बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं नोंदणी कार्ड काढून देत असताना वर्गणी का भरावी. नुसतं कार्डच हवं असेल तर नका भरू. आमचे दाजीही कित्येक वर्षं हेच सांगतात. त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकानच आहे, दुसरं काय सांगणार?

माझा चुलतभाऊ गिलाव्याचा मिस्त्री. एका अपार्टमेंटच्या बाहेरच्या गिलाव्याला परांचीवरून खाली आला. वाळूच्या ढिगावर पडला म्हणून जिवावरचं पायावर निभावलं. ठेकेदाराने सिव्हिलच्या दारात सोडलं आणि जबाबात सांगितलं, "हा आमचा माणूसच नाही, कुणाला तरी भेटायला साइटवर आला होता." हातात थापी घेऊन कोण भेटायला जातो? पण साइटवर हजेरीपट नव्हता, पगार शनिवारी रोख. कार्ड होतं, दाजींनीच काढून दिलेलं. त्याला जोडलेला नव्वद दिवस काम केल्याचा ठेकेदाराचा दाखला मात्र भलत्याच ठेकेदाराच्या सहीचा, ज्याचं तोंडही भावाने पाहिलं नव्हतं. समोरच्या वकिलाने नेमका तोच कागद पुढे केला: बघा, हा तर दुसऱ्याकडे कामाला.

संघटनेचा माणूस आला तो पूर्वीचा सेंट्रिंगवाला. त्याने कार्डाकडे बघितलंही नाही. मुकादम कोण आणि त्याची वही कुठाय, एवढंच विचारलं. ती वही मी हातात घेऊन पाहिली आहे. सिमेंटच्या बोटांनी पानं खरखरीत झालेली, नावापुढे उभी रेघ म्हणजे पूर्ण दिवस, आडवी म्हणजे अर्धा, मधेच "उचल 500". भावाच्या नावापुढे अपघाताच्या दिवशीही उभी रेघ होती. मुकादम आधी वही देईना, पुढची कामं जातील म्हणून. मग मजूर नाक्यावरच्या गड्यांनी त्या साइटवर जायचंच बंद केलं. स्लॅब अडकला, आणि मुकादम वही घेऊन आपल्या पायाने ऑफिसात आला. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यात ठेकेदाराने हात वर केले तरी बिल्डरला धरता यायचं, त्यामुळे दावा दोघांवरही लागला. पैसे मिळाले. दाजी तेव्हा "तडजोड करून टाका" म्हणत होते.

आता इतिहास. 1982 च्या एशियाडसाठी दिल्लीत जी बांधकामं झाली, तिथल्या मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे सक्तीची मजुरी, असा निकाल आला. पुढे देशभरच्या संघटनांनी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय कायद्यासाठी मोहीम चालवली. त्यांची मागणी पुढे मंडळाने वाटले तसल्या भांड्यांच्या संचाची नव्हती. आपल्याकडे 1969 च्या माथाडी कायद्यात मालक मजुरी मंडळात भरतो आणि मंडळ हमालाला देतं, तसं त्रिपक्षीय मंडळ त्यांना हवं होतं. म्हणजे कामगाराची नोंद आणि हजेरी ठेकेदाराच्या खिशात राहिली नसती. 1996 ला कायदा झाला, त्यात बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर आणि कल्याण मंडळ आलं, पण हा मुख्य भाग गळाला. महाराष्ट्राने नियम करायला 2007 आणि मंडळ स्थापायला 2011 उजाडवलं. आता 2020 च्या श्रमसंहितांनी तो कायदाही पोटात घेतला, ते सोडा.

उपकराचे पैसेही धड खर्च होत नव्हते, म्हणून मोहिमेलाच पुन्हा सुप्रीम कोर्टात जावं लागलं. 2018 च्या निकालात दिसलं की देशभरात 37 हजार कोटींहून जास्त जमले होते, आणि त्यातले जेमतेम पाव खर्च झाले होते. दाजी म्हणतात योजना सरकारच्या. सरकारला खडबडून उठवलं कोणी?

सगळ्या संघटना धुतल्या तांदळाच्या नाहीत, हेही सांगतो. काही नुसत्या लेटरहेडवर असतात आणि एजंटासारखाच फॉर्ममागे दर लावतात. कामगार संघटना म्हणून कायद्याने नोंदणी आहे का बघा, पावती मागा, वर्षाचा हिशेब सभासदांपुढे ठेवतात का तेही विचारा. दाजींनी आजवर कुणाला पावती दिलेली मी तरी पाहिली नाही.

आणि कार्ड आधीच काढलं असेल तर दाखल्यावर कुणाची सही आहे ते आजच तपासा. भलत्याची निघाली तर नूतनीकरणाला खऱ्या ठेकेदाराची मागा. तो सहसा देत नाही, जबाबदारी अंगावर येते ना. त्याच्याकडे एकटे जाऊ नका, नाक्यावरचे चार जण आणि संघटनेचा माणूस बरोबर घ्या.