देंडेराच्या खांबांवरची देवी

प्रश्न : इजिप्तमधील देंडेरा येथील मंदिराच्या छायाचित्रांत खांबांच्या माथ्यावर गाईचे कान असलेला स्त्रीचा चेहरा दिसतो, तर भिंतींवर डोक्यावर शिंगे असलेली स्त्री दिसते. या दोन्ही एकाच देवीच्या प्रतिमा आहेत काय? शिंगे असलेली देवी म्हणजे इसिस, असे वाचल्याचे आठवते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय, खांबांवरचा चेहरा हे मंदिर जिचे आहे त्या हाथोर देवीचाच आहे आणि भिंतींवरही मुख्यत्वे तीच आहे, मात्र शिंगांविषयीची आपली शंका रास्त आहे. दोन शिंगे आणि त्यांमध्ये सूर्यबिंब हा मुकुट मुळात हाथोरचा असला, तरी पुढे तो इसिसलाही मिळाला आणि देंडेराचे मंदिर उभे राहिले तोवर दोघींना केवळ रूपावरून वेगळे ओळखणे कठीण झाले होते. अशा वेळी आकृतीशेजारची चित्रलिपी वाचणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. चौकोनी घराच्या आत ससाणा कोरलेला असेल, तर ते हाथोरचे नाव समजावे, कारण त्या नावाचा अर्थच 'होरसचे घर' असा आहे आणि होरस हा ससाण्याच्या रूपातला देव.

खांबांवरचा चेहरा मात्र कोणाशी गल्लत होण्यासारखा नाही. इजिप्शियन कलेत देवदेवतांचे चेहरे बहुधा एका बाजूने दाखवतात. हाथोर मात्र येथे थेट समोर पाहते आणि तेही प्रत्येक खांबावरून चारही दिशांना. दर्शनी मंडपात असे 24 खांब आहेत. चेहऱ्याच्या वर लहानशा देवघरासारखा आकार असून, देवीला प्रिय असलेल्या सिस्ट्रम या खुळखुळणाऱ्या वाद्याची घडणही अशीच असते. त्यामुळे अख्खा खांब म्हणजे दगडात उभे केलेले एक प्रचंड सिस्ट्रमच होय. गाईचे कान पाहून आपल्याला कामधेनू आठवते, पण तेवढ्यावरून दोन्हींचा संबंध जोडण्याचा मोह आवरावा हे बरे.

मंदिराच्या मुख्य भागाचे बांधकाम इ. स. पूर्व 54 मध्ये, इजिप्तचा राजा बारावा टॉलेमी याच्या काळात सुरू झाले, तर हा मंडप रोमन सम्राट टायबेरियसच्या काळातला आहे. पुढे ख्रिस्ती धर्म रुजल्यावर खांबांवरचे बरेचसे चेहरे छिन्नीने फोडण्यात आले, म्हणून छायाचित्रांत नाक-डोळे नीट दिसत नाहीत.

मागची बाह्य भिंत अवश्य पाहावी. तिच्यावर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सीझेरियन देवतांना नैवेद्य अर्पण करताना कोरलेले आहेत, म्हणून पर्यटक तेथे रेंगाळतात. पण भिंतीच्या मधोमध हाथोरचे एक भव्य मुख आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. गाभाऱ्यात सामान्य भाविकांना प्रवेश नसे, त्यामुळे गाभाऱ्याच्या नेमक्या पाठीमागे असलेल्या या मुखापुढेच ते प्रार्थना करीत, आणि देवीचा अंश घरी न्यावा म्हणून दगड खरवडून त्याची भुकटी नेत. मंडपातले चेहरे द्वेषाने फोडले गेले. हे मुख झिजले ते भक्तीने.