मुंबईसाठी आमदार-खासदार एकत्र येऊ शकतात का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मुंबईचे ३६ आमदार आणि ६ खासदार. पक्ष वेगळे असले तरी शहर एकच, मग राजधानीसाठी हे सगळे एकत्र का येत नाहीत, अशी पत्रे सतत येतात. त्यांतले गैरसमजही तेच ते असतात. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या आमदारांनी विरोधी पक्षाच्या आमदाराबरोबर एका निवेदनावर सही केली, तर पक्षांतरबंदी कायद्याने त्यांची आमदारकी जाईल, असं कार्यकर्ते सांगतात. खरं का?

नाही. १९८५ मध्ये आलेली राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, प्रामुख्याने पक्षादेश मोडून केलेल्या मतदानाला किंवा गैरहजेरीला आणि स्वेच्छेने पक्ष सोडण्याला लागू होते. पाणीपुरवठ्याच्या निवेदनावरची सही यातल्या कशातच बसत नाही. मात्र ‘स्वेच्छेने पक्ष सोडला’ हे राजीनामा न देताही, नुसत्या वर्तनावरून ठरवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटलं आहे. त्यामुळे निवेदन एक आणि दुसऱ्या पक्षाच्या प्रचारसभेत मंचावर बसणं दुसरं. आमदारांनी आधी आपल्या प्रतोदांच्या, म्हणजे पक्षादेश काढणाऱ्या नेत्याच्या, कानावर घालावं आणि शंका उरली तर वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. कार्यकर्त्यांच्या गप्पांवर असे निर्णय होत नसतात.

प्रश्न : लोकलच्या फेऱ्या वाढवून हव्यात. आमदाराकडे जावं की खासदाराकडे?

खासदाराकडे, रेल्वे केंद्राची आहे.

प्रश्न : देशाच्या एकूण करातला तिसरा हिस्सा एकटी मुंबई देते, असा मेसेज आला. सर्वपक्षीय बैठकीत आम्ही हाच मुद्दा मांडणार आहोत. चालेल ना?

कृपया मांडू नका. कंपनीचं मुख्यालय नरिमन पॉइंटला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) असलं की कारखाना दुसऱ्या राज्यात असूनही प्राप्तिकराचा भरणा मुंबईच्या नावावर दिसतो. समोरचा अधिकारी पहिल्याच मिनिटाला हे दाखवून देईल आणि तुमचं बाकीचं म्हणणंही वाया जाईल. शिवाय केंद्राच्या करातला वाटा शहरांना नव्हे, राज्यांना मिळतो. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरवला. त्या सूत्रात ४५ टक्के भार दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होता, म्हणजे श्रीमंत राज्याला कमी मिळणार हे उघड होतं.

विचारायचंच असेल तर हे विचारा. मुंबईतली जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा पालिकेचा कर, १ जुलै २०१७ ला बंद झाली. त्या बदल्यात राज्याने पालिकेला द्यायची भरपाई कायद्याने ठरलेली आहे. पुढे २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. त्यामुळे घटलेलं उत्पन्न पालिकेने कुठून भरून काढायचं? पालिकेचा अर्थसंकल्प समोर ठेवून एखाद्या जाणत्या सनदी लेखापालाशी तासभर बसा आणि मगच बैठकीला जा.

प्रश्न : आम्ही मिठी नदीकाठी राहतो. दरवर्षी वेगवेगळ्या पक्षांचे आमदार येऊन पाहणी करतात, फोटो काढतात. ते एकत्र आले तर खरंच काही होईल का?

होईल, पण एकत्र कुठे आणि कधी येतात यावर ते अवलंबून आहे.

आधी नदी बघा. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत आमदारांचे अनेक मतदारसंघ लागतात. वरचा मोठा भाग महापालिकेकडे आणि बीकेसीकडचा खालचा भाग एमएमआरडीएकडे, म्हणजे राज्याच्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आहे. मध्ये ती विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि माहीम-वांद्र्याच्या दरम्यान तिच्यावरून पश्चिम रेल्वे जाते. ही दोन्ही केंद्राची खाती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा यातल्या प्रत्येक यंत्रणेने दुसरीकडे बोट दाखवलं. एकटा आमदार प्रश्न विचारतो तेव्हा आजही हेच होतं. पालिकेबद्दल विचारलं तर ‘तो भाग एमएमआरडीएचा’, एमएमआरडीएबद्दल विचारलं तर ‘रेल्वेशी पत्रव्यवहार सुरू आहे’. आमदारांनी विधानसभेत आणि खासदारांनी लोकसभेत एकाच आठवड्यात एकच प्रश्न लावला, तरच ही टोलवाटोलवी उघडी पडते.

पाहणी दौऱ्याची कुठेही नोंद राहत नाही. विधानसभेच्या नियम १०५ खाली स्वीकारली गेलेली लक्षवेधी सूचना कामकाजात छापली जाते, मंत्र्यांना तिच्यावर लेखी निवेदन द्यावं लागतं आणि ते कायमचं अभिलेखात राहतं. एका सूचनेवर तीन पक्षांच्या आमदारांच्या सह्या असल्या, तर ‘हे राजकारण आहे’ असं म्हणायला मंत्र्यांना जागा उरत नाही. इथे एक सावधगिरी हवी. तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, यादीत एकाच प्रश्नाखाली अनेक पक्षांची नावं दिसतात, पण पुष्कळदा सचिवालयाने सारखे प्रश्न एकत्र केलेले असतात, एवढाच त्याचा अर्थ. त्या सदस्यांचं आपसात बोलणं झालेलंच असतं असं नाही.

मला सर्वांत जास्त छळते ती पुढची गोष्ट. मंत्री सभागृहात ‘पुढच्या पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करू’ म्हणतात, बाकं वाजतात आणि सगळे घरी जातात. ते वाक्य आश्वासन ठरतं. त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, आणि तिच्यात सगळ्या पक्षांचे सदस्य असतात! मुंबईसाठी सर्वपक्षीय एकजूट हवी असेल तर तिची जागा ही आहे. तरीही एकही वाचक मला या समितीबद्दल विचारत नाही. आपल्या आमदाराला विचारा : मिठीबद्दलची किती आश्वासनं प्रलंबित आहेत आणि त्यांच्यासाठी शेवटचं पत्र तुम्ही कधी लिहिलंत?

वेळेचंही तसंच. गाळ काढायचा असतो पावसाआधी. त्याबद्दल पावसाळी अधिवेशनात विचारून काय उपयोग? प्रश्न अर्थसंकल्पी अधिवेशनात आला पाहिजे, आणि सूचना त्याच्याही कित्येक आठवडे आधी द्यायच्या असतात. म्हणजे आमदारांना दिवाळीनंतर लगेच भेटा. गाळ उपशाच्या कथित घोटाळ्यात २०२५ मध्ये मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे. न्यायप्रविष्ट बाबींवर सभागृहात बोलण्याला मर्यादा आहेत. मसुदा करण्यापूर्वी विधिमंडळ सचिवालयात विचारून घ्या, नाहीतर सूचना अध्यक्षांच्या दालनातच नाकारली जाईल.

प्रश्न : एक सल्लागार म्हणतो, सोसायटीने ‘खर्च’ दिला तर पुनर्विकासासाठी सर्व पक्षांच्या आमदारांचं संयुक्त पत्र आणून देतो. द्यावा का?

एक रुपयाही देऊ नका. आमदाराच्या पत्राला शुल्क नसतं. लाच देणं हाही २०१८ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मध्यस्थालाही शिक्षा आहे. पैसे आधीच गेले असतील तर आजच वकिलाला गाठा. चटईक्षेत्राचा, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करू द्यायचं याचा, विषय आला की कोणाकोणाचं एकमत होतं, हे मुंबईने पुरेसं पाहिलं आहे. म्हणून ‘सर्वपक्षीय’ हा शब्द ऐकून विरघळू नका, पत्राने फायदा कोणाचा होतो ते आधी बघा.

प्रश्न : लंडनच्या खासदारांचा सर्वपक्षीय गट आहे म्हणे. त्यांना खास अधिकार असतात का? आपल्याकडे तसा कायदा का नाही?

अधिकार शून्य. ब्रिटिश संसदेतले असे गट अनौपचारिक असतात आणि त्यांना कायद्याची गरजच नसते. घेण्यासारखी आहे ती त्यांची नोंदवही. एका वर्षात एकाच बाहेरच्या स्रोताकडून १,५०० पौंडांहून अधिक मदत मिळाली, तर गटाला ती जाहीर करावी लागते. मुंबईच्या आमदारांनी असा गट उद्या केला, तर बैठकीचं सभागृह आणि अहवालाचा खर्च कोणी दिला हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावं. आणि पक्षभेद बाजूला ठेवणं आपल्याला परदेशातून शिकायला नको. १९५६ मध्ये मुंबईच्याच प्रश्नावर समाजवादी एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट डांगे एका समितीत बसले होते, आणि चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं होतं.

प्रश्न : सहाही खासदारांचा निधी एकत्र करून मोठा उड्डाणपूल होईल का?

एका खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात. तुम्हीच बेरीज करा. छोट्या कामासाठी निधी एकत्र करायचा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

प्रश्न : आमचे आमदार भेटतच नाहीत. थेट विधानसभेकडे जाता येतं का?

विधानसभेची विनंती अर्ज समिती आहे. तिच्याकडचा अर्ज सदस्यामार्फत सादर करता येतो, आणि तो सदस्य तुमच्याच मतदारसंघाचा हवा असं नाही. शेजारच्या मतदारसंघातल्या दुसऱ्या पक्षाच्या आमदाराला भेटा. अर्जाचा नमुना सचिवालयातून घ्या, एका अर्जात एकच मागणी ठेवा, सोबत वॉर्ड कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार जोडा आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.