लग्नाच्या व्हीएचएसची डीव्ही फाइल: हलताना कंगव्यासारख्या रेषा का, आणि एमपी४ कशी करायची?
तासाला १३ जीबी हा डीव्हीचा (कॅसेट संगणकावर घेताना बनणाऱ्या डिजिटल व्हिडिओ फाइलचा) नेहमीचाच आकार. वरातीत नाचणाऱ्यांच्या कडांना दिसणाऱ्या रेषा हाही कॅसेटचा बिघाड नव्हे. आपली पाल ही टीव्ही-व्हिडिओची पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची, पण एकेका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक असतात; एका क्षणाच्या ओळींना फील्ड म्हणतात. एफएफएमपेग (ffmpeg) या व्हिडिओ बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडीआयएफ (bwdif) फिल्टर लावा. तो दोन्ही क्षण सुटे करून ५० फ्रेम देतो, मग कोल्हापूरच्या रंकाळ्याचं पाणीसुद्धा सलग हलताना दिसतं. २५ वर आणू नका, निम्मी हालचाल जाते. चित्र मागेपुढे धक्के खात असेल तर फील्डचा क्रम चुकलाय. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, म्हणून फिल्टरला पॅरिटी (फील्डचा क्रम) बीएफएफ (bff), म्हणजे खालचं आधी, अशी द्या.

बाकी सोपं: चित्राला एक्स२६४ (x264) एन्कोडर, दर्जा ठरवणारा सीआरएफ (crf) १८, आवाजाला एएसी (aac). ७२० बाय ५७६ तसंच राहू द्या, मोठं करून काही मिळत नाही. आधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून मोबाइलवर बघा.

मूळ डीव्ही फाइल मात्र पुसू नका. कोल्हापुरात शुक्रवार पेठ किंवा शाहूपुरीत राहत असाल तर एक हार्ड डिस्क परगावच्या पाहुण्यांकडे ठेवाच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे.