दशावतार : नाटक, प्रयोग, खेळ की काला?

वेंगुर्ल्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या गावात जत्रेच्या रात्री दशावतार, म्हणजे पुराणातल्या कथा करून दाखवणारी तळकोकणातली लोककला, असला की सगळे 'आज नाटक आसा' म्हणतात. पुण्याच्या मित्राने त्यांना हटकले, की नाटक लिहिलेले असते. तुमच्या दशावताराला संहिताच नाही, तेव्हा त्याला फार तर 'प्रयोग' म्हणा नाहीतर 'खेळ'. वाचकाला यातले बरोबर काय ते हवे आहे. शिवाय, नाटकाच्या प्रयोगाचा आणि शाळेतल्या प्रयोगशाळेचा काही संबंध आहे का, हेही.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडले आहे. 'युज्' म्हणजे जोडणे; त्याला 'प्र' लागला की कामाला लावणे, प्रत्यक्ष वापरणे. अस्त्राचा प्रयोग, शब्दाचा प्रयोग, व्याकरणातले कर्तरी-कर्मणी, सगळे याच घरातले. भटजींकडच्या विधींच्या पोथ्यांनाही 'प्रयोग' म्हणतात: शास्त्रात सांगितलेले कर्म कोणत्या क्रमाने, कसे करायचे ते त्यात असते. म्हणजे जे ग्रंथात आहे ते करून दाखवणे, तो प्रयोग. परीक्षानळीवाला अर्थ याच शब्दाला मागाहून फुटलेली फांदी आहे. 'प्रायोगिक नाटक' म्हणताना आपण दोन्ही अर्थांची मोट बांधतो, ते वेगळे.

नाट्याच्या संदर्भात हा शब्द फार जुना. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य राजासमोर भांडतात, श्रेष्ठ कोण म्हणून. निवाडा करायला बसलेली परिव्राजिका म्हणते, नाट्यशास्त्र 'प्रयोगप्रधान' आहे, इथे नुसत्या बोलण्याने काय होणार? मग शिष्येला नाचायला लावून परीक्षा ठरते. 'शाकुंतला'चा सूत्रधारही तेच घोकतो: जाणकारांचे समाधान होईपर्यंत माझे 'प्रयोगविज्ञान' चांगले, असे मी मानत नाही. पुस्तकात कितीही उत्तम लिहिले असो, निकाल समोर बसलेल्यांपुढे लागतो.

आता जत्रेकडे या. दशावतारात तोंडाला रंग लावता लावताच कंपनीचा जाणता माणूस रात्रीचे आख्यान सांगतो: कोण राजा, कोण राक्षस, कुणाची एंट्री कुणामागून, युद्ध कुठे, शेवट कसा. तेवढ्यावर मंडळी उठतात. पुढे तोंडात येईल ते संवाद, ते पुराणातल्या हिशेबाने आणि समोरच्याच्या जोरावर. राजपार्ट करणारा खमका असला की राक्षसालाही चेव चढतो. पेटीवाला, पखवाजवाला आणि झांजवाला कान टवकारून बसलेले. वाक्याचा सूर कुठे चढतो ते ओळखून साथ द्यायची. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडे. तेच सिंहासन, तेच डोंगर, वेळ आली तर तोच रथ. तेच आख्यान तीच मंडळी पुढच्या गावच्या जत्रेत लावतील, तेव्हा बोलणे वेगळे असेल.

संहिता आणि तिचा प्रयोग अशा दोन वस्तू जिथे आहेत, तिथे दोन शब्द लागतात. म्हणून शहरात 'नाटक वाचले' आणि 'प्रयोग पाहिला' असे दोन्ही म्हणता येते, आणि शंभरावा प्रयोग मोजून त्याची जाहिरात करता येते. दशावतारात करून दाखवणे हीच एकमेव वस्तू. 'नाटक' म्हटले की तीच डोळ्यांसमोर येते, दुसरे काही असतच नाही. कोकणातल्या माणसाने 'प्रयोग' शब्द वापरला नाही तो अज्ञानाने नव्हे. त्याला गरज पडली नाही.

आणि मित्राची कसोटी लावायची तर सांगलीलाही धक्का बसेल. विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या 'सीतास्वयंवरा'पासून आपण मराठी रंगभूमी मोजतो, 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. त्यात पदे रचलेली होती, ती सूत्रधार गाई. गद्य बोलणे बरेचसे नट ऐन वेळी करत. ते नाटक आणि आमचे नाही, हा कुठला न्याय? तशीही 'नट'-'नाटक' ही मंडळी 'नृत्' म्हणजे नाचणे या धातूच्या गोतातली मानली जातात. शब्दाच्या मुळाशी अंग हलते आहे, दौत-लेखणी नाही.

'खेळ' मात्र मित्राने अजाणता बरोबर सुचवला. समर्थ रामदासांनी दासबोधात 'खेळतां नेटके दशावतारी' असेच म्हटले आहे, आणि पुढे मिश्कीलपणे सांगितले आहे, की तिथे डोळे मोडत येणाऱ्या सुंदर नारी सगळे धटिंगण असतात! स्त्रीपार्ट पुरुषांनी करायचा, ही ओळख तेव्हापासूनची. रत्नागिरीकडे नमन ही लोककला करणाऱ्या मंडळींना 'खेळे'च म्हणतात. पण वेंगुर्ल्यात आज कुणी 'दशावताराचो खेळ बघूक चल' म्हणाले, तर ते जरा पुस्तकी वाटेल.

राहिला 'काला', म्हणजे मालवणीतला 'धयकालो'. जुनी माणसे अजून तोच म्हणतात. रात्रभर नाटक झाल्यावर पहाटे दहीहंडी फुटते, त्यावरून साऱ्या रात्रीलाच ते नाव. हा शब्द देवळाशी आणि जत्रेशी बांधलेला आहे. मुंबईच्या नाट्यगृहात तिकीट लावून दोन-तीन तासांचा दशावतार झाला, तर त्याला नाटक म्हणा, प्रयोग म्हणा. काला म्हणू नये, कारण हंडीच नाही.

फलकांवर हल्ली 'ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग' असे लिहिलेले असते. त्यात चूक काही नाही, छापील शब्दाला थोडी इस्त्री लागतेच. बोलताना वाचकाने खुशाल 'नाटक' म्हणावे, आणि मित्राला एकदा जत्रेला बोलवावे. मात्र आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, संपायच्या आत आणावे, नाहीतर त्यातल्या संकासुर राक्षसाची मालवणीतली चेष्टामस्करी हुकेल.