एवढं करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

“मॅडम, थकलोय असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते. थकलो म्हणजे माझं प्रेम कमी पडलं का?”

मी समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या तोंडांनी येतो. बायका विचारतात, आया विचारतात, अलीकडे तरुण पुरुषही विचारायला लागलेत. त्यांतल्या एकाची गोष्ट दोघांच्या परवानगीने सांगते. नावं आणि काही तपशील बदललेत.

प्रशांत एकतीस वर्षांचा, नाशिकच्या अंबडला सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर सेटर, मशीन लावून देणारा. लग्नाला दोन वर्षं झालेली. मशीनमध्ये टूल ऑफसेट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचं माप, टाकताना दशांशचिन्ह चुकलं आणि टूल थेट कापायच्या धातूच्या तुकड्यावर आपटलं. कुणाला लागलं नाही, पण महिन्यातली ही दुसरी चूक होती. सुपरवायझर भला माणूस. तो म्हणाला, “आधी झोप काढ, मग कुणाशी तरी बोल.” प्रशांत झोपला नाही, पण माझ्याकडे आला, हे त्यातल्या त्यात बरं.

झोपेचं गणित साधं होतं. बायकोला, मेघाला, सकाळी क्लासला सोडता यावं म्हणून त्याने कायमची नाइट शिफ्ट मागून घेतली होती. तिच्यासाठी स्कूटर घेतली, त्याच्या डाउन पेमेंटला स्वतःची बाइक विकली. ती संध्याकाळी एकटी पडते म्हणून ढोल पथक सोडलं. नाशिकच्या पोराने ढोल सोडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. हे सगळं तो तक्रार म्हणून सांगतच नव्हता. उलट त्याने फोन पुढे केला. “ही शॉर्टफिल्म बघा. यातला रोबोट म्हणजे मी.”

ती फिल्म स्पाइक जोन्झ यांची, २०१० सालची ‘आय ॲम हिअर’. अर्ध्या तासाची. मी त्या रात्री घरी पाहिली. लॉस एंजेलिसमध्ये माणसांबरोबर रोबोटही राहतात. शेल्डन लायब्ररीत कामाला, डोकं जुन्या सीपीयूच्या डब्यासारखं, एकटा आणि मुकाट. त्याला फ्रान्सिस्का भेटते, मनमोकळी आणि जराशी बेफिकीर. एका कॉन्सर्टच्या गर्दीत तिचा हात तुटतो. शेल्डन आपला हात काढून तिला लावतो. पुढे तिचा पाय जातो, तो आपला पाय देतो. शेवटी तिला मोठा अपघात होतो आणि तो उरलेलं सगळं शरीर देऊन टाकतो. व्हीलचेअरवर बसून ती दवाखान्याबाहेर येते तेव्हा तिच्या मांडीवर फक्त त्याचं डोकं असतं.

माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. फिल्म फार हळुवार आहे. पण दुसऱ्यांदा पाहताना मी तिच्याकडे बघत बसले. आता हे डोकं घेऊन तिला आयुष्य काढायचंय. त्याने काय काय दिलं ते आपल्याला नीट कळतं. तिला काय हवं होतं, त्याचा पत्ता लागत नाही.

पुढच्या भेटीत मी प्रशांतला एवढंच विचारलं, “ह्यातलं मेघाने काय काय मागितलं होतं?”

तो म्हणाला, “मागावं लागलं तर ते प्रेम कसलं?”

हे वाक्य कुठून आलं तेही लगेच सापडलं. त्याची आई कायम सगळ्यांच्या नंतर जेवायची, पातेल्यात उरेल ते. कुणी तिला कधी विचारलं नाही आणि ती कधी बोलली नाही. घरात प्रेम म्हणून त्याने एवढंच पाहिलेलं.

मी कागदावर मधोमध रेघ मारून दिली. एका बाजूला ‘तिने मागितलं’, दुसऱ्या बाजूला ‘मी ठरवलं’. दुसरी बाजू भरून मागच्या पानावर गेली. पहिलीत बराच वेळ पेन फिरवून त्याने एक ओळ लिहिली: रविवारी घरी थांब. आणि तेवढं एकच त्याने दिलं नव्हतं. रविवारी ओव्हरटाइम असे, स्कूटरच्या हप्त्यासाठी.

मग मेघाला बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली, स्कूटरची किल्ली मुठीत. “मला सिटीलिंकची बस पुरत होती,” ती म्हणाली. “मला त्याच्या मागे बाइकवर बसून सोमेश्वरला जायचं असायचं. ती बाइकच गेली. आता किल्ली हातात घेतली की हप्ता आठवतो. आणि मॅडम, भांडायचीही सोय नाही. एवढं करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?”

प्रशांत पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बसला.

देणं वाईट नाही. देण्यामागे काय आहे, हे बघावं लागतं. मानसशास्त्रज्ञ एमिली इम्पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली जोडप्यांमधल्या त्यागावर अभ्यास मांडला. जोडीदाराला आनंद व्हावा म्हणून सोडणं आणि वाद टळावा, नाराजी नको म्हणून सोडणं, असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. पहिल्या प्रकारानंतर माणसाला बरं वाटतं. दुसऱ्याने मन कडू होतं आणि टाळलेला वाद उलट वाढतो. प्रशांतच्या यादीत दोन्ही होतं. स्कूटर आनंदाने घेतलेली. ढोल मात्र, “ती काही बोलायच्या आत” सोडलेला.

(जोडीदार धमकावून, मारून किंवा पैशासाठी तगादा लावून घेत असेल, तर ही गोष्ट तिथे लावू नका. तो छळ आहे आणि त्याची मदत वेगळी असते.)

प्रशांतला रोबोट आवडतात म्हणून मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. ‘रोबोट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर गेला. १९२१ साली प्राग शहरात त्याचा प्रयोग झाला. मूळ चेक शब्द रोबोटा, म्हणजे चक्क वेठबिगार. त्या नाटकाच्या शेवटी एक माणूस रोबोटांच्या जोडीतल्या एकाला चिरून तपासायचं म्हणतो. प्रायमस म्हणतो मला न्या, हेलेना म्हणते मला. दोघंही मागे हटत नाहीत, आणि त्यावरून त्या माणसाला कळतं की हे प्रेमात आहेत.

प्रशांत विचार करून म्हणाला, “म्हणजे तिथे दोघं भांडतात.”

मला हेच सांगायचं होतं, पण इतक्या कमी शब्दांत जमलं नसतं.

त्यानंतर तीन भेटी झाल्या. नाइट शिफ्ट लगेच बदलली नाही, अर्ज देऊन ठेवलाय. एक रविवार मोकळा झाला. काही द्यायच्या आधी विचारायचं आणि ‘नको’ हे उत्तर चालवून घ्यायचं, एवढा एकच नियम आम्ही ठेवला. तो पाळणं प्रशांतला फार जड गेलं. मेघाने “नको” म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा, आणि तो उतरला की ती “बरं, चालेल” म्हणायची. ह्या एका गाठीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

शेवटच्या भेटीत तो म्हणाला, “स्कूटर विकून टाकू, हप्ताच नको.”

मेघा उसळली. “आता सवय झाली मला! परत माझ्या वतीने तूच ठरवणार का?”

“मग हप्ता कोण भरणार?”

“अर्धा मी. आणि ढोलाला जायचं तर जा, पण साडेनऊच्या आत घरी.”

“साडेनऊ? सराव सुटतोच दहाला!”

मी घड्याळ बघितलं. पुढचे लोक बाहेर येऊन बसले होते आणि ह्या दोघांचं तर आत्ता कुठे सुरू झालं होतं.